इथे सही करा

आज मावशीला घेऊन रुग्णालयात गेले होते. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी व्हायची होती. मावशी गाऊन घालून खाटेवर बसली होती, पोट रिकामे, चेहरा उतरलेला. तेवढ्यात एक तरुण सिस्टर आली, क्लिपबोर्ड पुढे केला, फुलीच्या खुणेवर बोट ठेवले आणि म्हणाली, "इथे सही करा, आजी. नुसती फॉर्मॅलिटी आहे." मावशीने पेन हातात घेतले. तिचा चष्मा माझ्या पर्समध्ये होता.

त्या "नुसती फॉर्मॅलिटी" या दोन शब्दांनी माझे डोके जे फिरले, ते अजून ताळ्यावर आलेले नाही. म्हणून हे लिहीत आहे. लांबले तर सांभाळून घ्या.

मी स्वतः आयुष्यभर नर्स होते, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. त्यामुळे मला राग आला तो बाहेरच्या माणसाला येतो तसा नव्हता. एका रात्री एका आजोबांच्या हातात पेन मीही असेच दिले होते.

वर्ष सांगत नाही. मी रात्रपाळीला होते, वॉर्ड भरलेला आणि नर्स मी एकटी. आजोबांना मधुमेह होता, पायाचे बोट काळे पडले होते आणि संसर्ग वर सरकत होता. सकाळी पहिलीच केस त्यांची होती. संमतीपत्रावर सही राहिली आहे, तेवढी घेऊन ठेवा, असा निरोप मला फोनवर मिळाला. मी फॉर्म घेऊन गेले. आजोबा अर्धवट झोपेत होते. त्यांनी विचारले, "सिस्टर, बोटच ना?" आणि मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय ना सगळं?" होकाराचा किंवा नकाराचा एकही शब्द मी उच्चारला नाही. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर दिले आणि पेन त्यांच्या बोटांत ठेवले. फॉर्मवर बोट आणि त्यापुढे "गरजेनुसार" असे लिहिलेले होते. त्यांचा चष्मा उशाजवळच्या लॉकरमध्ये होता आणि तो तिथे आहे हे मला ठाऊक होते, कारण संध्याकाळी मीच तो तिथे ठेवला होता.

आता संमतीपत्रावरच्या साक्षीदाराच्या चौकटीत नर्स सही करते म्हणजे नेमके काय करते, हे एकदा नीट समजून घ्या, कारण ते रुग्णांना माहीत नसते आणि दुर्दैवाने कित्येक नर्सनाही कोणी धड सांगितलेले नसते. शस्त्रक्रिया काय आहे, तिचे धोके कोणते, दुसरे उपाय कोणते आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे समजावून सांगण्याचे काम ती करणाऱ्या डॉक्टरचे आहे. ते नर्सवर ढकलता येत नाही आणि नर्सने ते अंगावर घेऊही नये. नर्सची सही सांगते ती एवढेच की हा माणूस तोच आहे, तो शुद्धीवर आहे, गुंगीच्या औषधाखाली नाही, आणि त्याने माझ्यासमोर आपल्या मर्जीने सही केली. पण समोरच्याला काही कळलेले नाही असे दिसत असेल, तर ती सही घेणे थांबवून डॉक्टरांना परत बोलावणे हेही तिचेच कर्तव्य आहे, आणि "रुग्णाला शंका आहे, अमुक वाजता डॉक्टरांना कळवले" अशी नोंद नर्सिंग नोट्समध्ये करणे हेही. "बोटच ना?" हा प्रश्न म्हणजे शंका नव्हे तर काय होते?

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 1953 साली नर्सेससाठी आचारसंहिता स्वीकारली आणि 2021 साली ती पुन्हा सुधारली. संमती देण्यापूर्वी रुग्णाला समजेल अशी, पुरेशी आणि वेळेवर माहिती मिळते आहे ना, हे पाहणे हा तिच्यात नर्सच्या कामाचाच भाग मानलेला आहे. नर्सिंग शिकताना आम्ही हे पाठ करतो, परीक्षेत लिहितो, गुणही मिळवतो. मग रात्रपाळी येते.

1914 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दिलेला एक निकाल जगभर शिकवला जातो. एका बाईने इथर देऊन फक्त तपासणी करायला होकार दिला होता, शस्त्रक्रियेला नव्हे, असे तिचे म्हणणे होते. तरी बेशुद्धीत तिची गाठ काढली गेली. सज्ञान आणि शहाण्या माणसाच्या शरीराचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच आहे, हे न्यायमूर्ती कार्डोझो यांचे वाक्य त्याच निकालातले. सगळे त्या वाक्यापाशी थांबतात. मी अडकते ती दुसऱ्याच ठिकाणी. आदल्या रात्री तयारी करायला आलेल्या नर्सशीही आपण याबद्दल बोललो होतो, असे त्या बाईच्या जबानीत होते. त्या नर्सच्या मनात तेव्हा काय आले असेल, हे मी कोणत्याही न्यायमूर्तीपेक्षा बरे सांगू शकेन. घाबरलेला रुग्ण रात्री काहीबाही बोलतोच, असे तिला वाटले असेल. मलाही वाटले होते.

मान्य आहे, रुग्ण बेशुद्ध आहे, जीव जातो आहे आणि जवळ कोणी नाही, अशा वेळी फॉर्म शोधत बसायचे नसते. कायदाही तसे म्हणत नाही. हेही मान्य, की काही रुग्ण स्वतःच म्हणतात, "मला काही सांगू नका, तुम्हीच ठरवा." पण आजोबा शुद्धीवर होते आणि त्यांनी विचारले होते.

इथपर्यंत लिहून चहा करून आले. आता त्या सिस्टरबद्दल थोडे मवाळ लिहावेसे वाटते. तिच्या डोळ्यांखाली काळे होते आणि क्लिपबोर्डवर आणखी सहा फॉर्म होते, ते मी मोजले. तिला कोणीतरी "सह्या घेऊन ये" असेच सांगितले असणार. ज्यांनी समजावून सांगायचे ते सांगत नाहीत, ज्यांनी पुरेशी माणसे नेमायची ते नेमत नाहीत, आणि उद्या प्रकरण न्यायालयात गेले की चौकटीतले नाव मात्र तिचेच सापडते. मग हीच मंडळी "सिस्टरने सही घेतली होती" म्हणून मोकळी होतात. याची चीड मला त्या मुलीच्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त येते.

आणि तरीही "नाही" म्हणता येते. 2017 साली अमेरिकेतल्या युटामध्ये एका नर्सने बेशुद्ध रुग्णाचे रक्त पोलिसांना घेऊ दिले नाही. त्याची संमती नाही, त्याला अटक झालेली नाही, न्यायालयाचे वॉरंट नाही, असे तिने रुग्णालयाचे नियम वाचून दाखवत शांतपणे सांगितले. तिला फरफटत बाहेर नेऊन हातकड्या घातल्या, पण ती हटली नाही. मला कोणी हातकड्या घालणार नव्हते. मला फक्त एक फोन करायचा होता, आणि झोपमोड झाली म्हणून डॉक्टर ओरडतील याची मला भीती वाटली. बस, एवढेच.

आज मी त्या सिस्टरला सांगितले, "डॉक्टर येऊन बोलल्याशिवाय मावशी सही करणार नाही." तिने माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. डॉक्टर पाऊण तासाने आले, घाईत होते, पण बसले. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका, गाठ दिसली तर ती काढताना होऊ शकणारा रक्तस्राव, सगळे त्यांनी सांगितले. मावशीने चष्मा लावून ऐकले आणि एकच प्रश्न विचारला: "गुंगीत मी काही बडबडेन का हो?" डॉक्टर हसले, मीही हसले, पण तिला भीती होती ती याचीच आणि तीन दिवस ती कोणाजवळ बोलली नव्हती. मग तिने सही केली. हो, सही शेवटी झालीच, त्याच फॉर्मवर, त्याच फुलीपाशी. म्हणजे एवढा गोंधळ घालून तू मिळवलेस काय, असे कोणी विचारले तर त्या एका प्रश्नाखेरीज दाखवायला माझ्याकडे काही नाही.

आजोबांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शस्त्रक्रिया योग्यच होती, त्यांचा जीव वाचला. वैद्यकीयदृष्ट्या कोणालाही बोट दाखवायला जागा नव्हती. फॉर्मवर त्यांची सही रेघ सोडून तिरकी खाली उतरली होती आणि साक्षीदाराच्या चौकटीत घुसली होती, त्यामुळे मला माझी सही कोपऱ्यात दाटीवाटीने करावी लागली होती. त्यांनी तक्रार केली नाही. घरी जाताना "सिस्टर, रात्री तुम्ही फार केलंत" असे म्हणून माझे आभार मानले. मी डिस्चार्ज कार्ड पुढे केले, तसे त्यांनी लॉकरकडे हात करून चष्मा मागितला. मी तो काढून दिला. त्यांनी तो गाऊनच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि कार्डावर बोट ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे वाचून काढले. व्हीलचेअर घेऊन आलेला वॉर्डबॉय दहा मिनिटे ताटकळत उभा होता.