अजाण मूल गुपित पाळत नाही

दुसऱ्या महायुद्धात ज्यू माणसांना लपवणाऱ्या मुलांचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे येते: मुलांना धोका कळतच नव्हता, मोठ्यांनी सांगितले तसे ती वागली आणि निभावले ते नशिबाने, याला धैर्य म्हणू नये. पोलंडमधील प्शेमिशल गावच्या पोदगुर्स्का बहिणींची हकीकत पाहिली, तर यातले फारसे काही टिकत नाही.

त्या घरात सांगायला मोठे कोणी नव्हतेच. वडील वारले होते, आई आणि भाऊ यांना सक्तमजुरीसाठी जर्मनीत नेले होते. मागे उरल्या होत्या किशोरवयीन स्तेफानिया आणि सहा-सात वर्षांची हेलेना. ज्या ज्यू कुटुंबाच्या दुकानात स्तेफानिया पूर्वी काम करत असे, त्यांचा मुलगा मॅक्स नाझींच्या मृत्युछावणीकडे निघालेल्या गाडीतून उडी मारून तिच्या दारी आला. तिने त्याला आसरा दिला आणि पुढे तातारस्का रस्त्यावरील घराच्या माळ्यावर, खोट्या भिंतीआड, एकूण तेरा जण लपले.

धोका कळत नव्हता, हे म्हणणे तर मला उलटेच वाटते. ज्यूंना आसरा देणाऱ्यास मृत्युदंड, असा जर्मन प्रशासनाचा हुकूम १९४१ पासून लागू होता. स्तेफानिया कारखान्यात कामाला गेली की घर हेलेनाकडे असे. दोन मुलींच्या घरात पंधरा जणांची भाकरी आणि पंधरा जणांचे पाणी येत आहे, हे शेजाऱ्यांच्या नजरेत येऊ न देता ती बादल्या वाहत होती आणि खाण्याचे सामान आणत होती. ज्याला भीती कळत नाही ते मूल सहज बोलून जाते. माळ्यावर माणसे आहेत, याची वाच्यता तिने कोठेही केली नाही.

नशिबाचा वाटा मात्र नाकारता येणार नाही. समोर जर्मन इस्पितळ आले, तेव्हा दोन तासांत घर रिकामे करण्याचा हुकूम झाला. स्तेफानिया हलली नाही आणि अखेर जर्मनांनी एकच खोली घेतली, हे नशीबच. पण त्या खोलीत दोन जर्मन परिचारिका राहायला आल्या आणि त्यांच्या डोक्यावर तेरा माणसे श्वास रोखून पडून राहिली; ते सगळे महिने त्या तेरा जणांपर्यंत अन्न पोहोचवणे नशिबाने होत नव्हते, त्या दोघी बहिणी करत होत्या.

जुलै १९४४ मध्ये जर्मन हटले, तेव्हा तेराही जण जिवंत होते. ज्यू संहाराच्या स्मृती जपणाऱ्या इस्रायलमधील याद वाशेम या संस्थेने १९७९ मध्ये याबद्दल जो सन्मान दिला, त्यात स्तेफानियाबरोबर हेलेनाचेही नाव आहे.