ओरछा दोन तासांत उरकायचं गाव नाहीये

झाशीचा किल्ला बघायला मराठी माणूस आवर्जून जातो, जायलाच पाहिजे, पण तिथून खजुराहोला निघताना वाटेतलं ओरछा म्हणजे ड्रायव्हरने "दोन तासांत या साहेब" म्हणून सोडायचं ठिकाण झालंय आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

बेतवा नदीकाठी १५३१ मध्ये बुंदेला राजा रुद्रप्रतापने ही राजधानी वसवली, १७८३ ला राजधानी टीकमगडला गेली आणि गाव मागे पडलं, त्यामुळेच एवढं सगळं शाबूत राहिलं असं माझं मत. जहांगीर महाल सगळे बघतात पण बरेचसे अंगणात फोटो काढून परत फिरतात. अरे, त्या अरुंद अंधाऱ्या जिन्याने वर जा ना! भिंतींवर निळ्या टाइल्स अजून शिल्लक आहेत आणि जाळीतून खाली बेतवा दिसते.

रामराजा मंदिर मुळात राणी गणेशकुंवरचा महाल. तिने अयोध्येहून रामाची मूर्ती आणली, मूर्तीसाठी शेजारी चतुर्भुज मंदिर बांधलं, पण मूर्ती महालातून हललीच नाही अशी कथा आहे. आजही राम तिथे राजाच आहे, पोलीस रोज सलामी देतात.

पण आपल्या लोकांनी न चुकता बघावं असं मंदिर वेगळंच आहे, टेकडीवरचं लक्ष्मीनारायण मंदिर. आत भिंतीवर झाशीच्या लढाईचं चित्र आहे, बंदुका घेतलेले इंग्रज सैनिक, किल्ला, राणी. झाशीला राणीसाठी एवढ्या लांबून येतो आणि हे न बघताच पुढे जातो, कशाला?

संध्याकाळी नदीवरच्या ठेंगण्या पुलावर जाऊन उभं राहायचं, समोर राजांच्या छत्र्या म्हणजे समाध्या आणि त्यांच्या शिखरांवर लांब चोचीची गिधाडं. हो गिधाडं! गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, ती मेलेली गुरं खाऊन, देशभरातून झपाट्याने संपत गेलेला हा पक्षी, २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, आणि इथे तो दगडी कोनाड्यात घरटं करून राहतो. एखादं गिधाड पंख पसरून हवेत गोल फिरत फिरत खाली येतं आणि बरोब्बर आपल्या कोनाड्यात उतरतं, ते बघताना फोन खिशातच राहू द्या.

सकाळी तोच पूल ओलांडून सायकलने पलीकडे जायचं. बेतवा आणि जामनी नद्यांच्या मधलं अभयारण्य, सागवान, पळस, नदीत पसरलेले मोठमोठे खडक. फाल्गुनात गेलात तर पळस फुललेला असतो आणि जंगल संपलं की बुंदेलखंडातल्या गावांची गहू-हरभऱ्याची शेतं लागतात. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, दगड तापतात नुसते.

माझं टूरवाल्यांना आणि स्वतः प्लॅन करणाऱ्यांनाही एवढंच सांगणं आहे की झाशीचा मुक्काम ओरछ्यात हलवा. अंतर अर्ध्या-पाऊण तासाचं, झाशी दिवसा आरामात बघून होते.