केनियात स्वतःची कंपनी की डीलरच बरा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पंप निर्यातदारांनी केनियात स्वतःचा पाय रोवावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, की उद्यमनगरातल्या छोट्या कारखानदाराला परदेशात कंपनी काढायला सांगणं म्हणजे त्याला कर्जात लोटणं. डीलर आगाऊ पैसे देऊन कंटेनर उचलतो, पुढची जोखीम त्याची. मग नैरोबीतलं भाडं, पगार, ऑडिट कशाला अंगावर घ्यायचं? यात भलं होतं ते सल्लागारांचं, असंही तुम्ही लिहिलंय. मी स्वतः याच व्यवसायात आहे, त्यामुळे या शेवटच्या वाक्यालाही उत्तर देणं माझ्याकडे लागतं.

आधी जे पटलं ते. मसाले, भांडी, कापड, म्हणजे एकदा विकलं की ज्याचा कारखान्याशी संबंध संपतो अशा मालाला डीलर पुरतो. तिथे कंपनी काढू नये, हे मीही सांगते. पण पंपाचं तसं नाही. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. पंपाची खरी कसोटी मधल्या कोरड्या महिन्यांत लागते. दक्षिण केनियातल्या लोईतोकितोककडे टोमॅटो-कांदा घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पंपाचं मेकॅनिकल सील (पाणी गळू न देणारा भाग) फेब्रुवारीत गेलं, तर त्याला ते दोन दिवसांत हवं असतं. न्हावा शेवाहून मोम्बासा बंदर, मग नैरोबी, असा प्रवास करून सील येईपर्यंत पीक हातचं जातं.

डीलर सुटे भाग का ठेवत नाही? त्यात त्याचं भांडवल अडकतं आणि नफा पंपाच्या विक्रीत असतो. शिवाय त्याच्या दुकानात तुमच्या शेजारी चिनी पंपही असतात. यात त्याचा दोष नाही, त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं. पण शेतकरी मग नैरोबीच्या किरिन्यागा रोडवर, सुट्या भागांच्या बाजारात जातो, मिळेल ते सील बसवतो, ते महिन्याभरात गळतं, आणि गावात बोभाटा होतो की भारतीय पंप टिकत नाही. जोखीम डीलरची, असं तुम्ही म्हणता. पैशांपुरतं ते खरं आहे. नावाची जोखीम मात्र पूर्णपणे तुमची असते, आणि ती सांभाळायला तिथे तुमचं कुणी नसतं.

आता नावाचंच घ्या, कारण तुमच्या प्रतिक्रियेत याचा उल्लेख नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. भारतात नोंदवलेला ट्रेडमार्क केनियात चालत नाही, तिथे तो वेगळा नोंदवावा लागतो. तुम्ही नोंदवला नाही आणि डीलरने तो स्वतःच्या नावावर अर्ज करून टाकला, तर उद्या डीलर बदलायचा म्हटलं की तुमच्याच नावाचा माल विकायला तुम्हालाच अडचण. भांडून तो परत मिळवता येतो, पण त्यात वर्षं आणि वकील दोन्ही जातात. एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क मागता येणाऱ्या माद्रिद करारात भारत 2013 पासून आहे आणि केनिया त्याच्याही आधीपासून. त्यामुळे इथूनच अर्ज करून केनियाचं संरक्षण मागता येतं. यासाठी तिथे कंपनी लागत नाही. डीलरकडूनच माल विकायचा असला, तरी एवढं केलंच पाहिजे.

त्यानंतरची पायरीही कंपनीची नाही. नैरोबीतल्या एम्बाकासीच्या कोरड्या बंदराच्या (समुद्रापासून दूर असलेल्या कंटेनर डेपोच्या) आसपास बाँडेड गोदामं आहेत. तिथे माल ठेवला तर तो बाहेर काढताना शुल्क भरायचं, तोवर नाही. विक्री डीलरनेच करावी, फक्त सुट्या भागांचा एक साठा कायम देशात असावा. वर्षभर हे चालवलं की मागणी खरी आहे की नाही ते आकड्यांत दिसतं. कंपनीचा विचार त्यानंतर.

मग कंपनी कधी? नैवाशाच्या फुलशेतीसारखे मोठे ग्राहक तुमच्याकडून थेट सुटे भाग आणि दुरुस्ती मागू लागले की. 2024 पासून केनियात इटिम्स या कर खात्याच्या इलेक्ट्रॉनिक बिल प्रणालीतलं बिल नसेल तर स्थानिक खरेदीचा खर्च ग्राहकाला करात वजा मिळत नाही, म्हणून असे ग्राहक स्थानिक बिल मागतातच. या टप्प्यावर स्थानिक व्यवस्थापक आणि एक मेकॅनिक, एवढ्यावर सुरुवात होते. आपला पुतण्या पाठवायचा विचार असेल तर थांबा. गुंतवणूकदाराच्या परवान्याला 1 लाख डॉलर भांडवल दाखवावं लागतं, आणि पर्यटकाच्या ई-परवानगीवर काम करणं बेकायदा आहे.

शाखा की स्वतंत्र कंपनी, हा प्रश्न हिशेबनिसासोबत बसूनच सोडवा. शाखेवरचा कर 2024 पासून 37.5 वरून 30 टक्क्यांवर आला, पण तिथून मुख्य कंपनीकडे जाणाऱ्या नफ्यावर 15 टक्के कर नव्याने लागला. इकडे रिझर्व्ह बँकेचे 2022 चे परदेशी गुंतवणुकीचे नियम आहेत: पैसे बँकेमार्फत, नोंदणी क्रमांक घेऊन, आणि दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत अहवाल. तिकडची कंपनी तोट्यात असली तरी अहवाल चुकत नाही.

चलनाबद्दलची तुमची भीती मात्र अगदी रास्त आहे. जानेवारी 2024 मध्ये डॉलरला 160 च्या आसपास केनियन शिलिंग पडत होते आणि मार्चअखेर तो दर 130 च्या जवळ आला. महाग डॉलरने आणलेला माल ज्यांच्या गोदामात होता, त्यांना स्वस्तात आयात करणाऱ्यांशी स्पर्धा करावी लागली. डीलरकडून आगाऊ पैसे घेणाऱ्याला ही झळ लागत नाही. त्यात हार्डवेअरची दुकानं उधारी मागतात, आणि कंपनी तुमची झाली की ती उधारीही तुमचीच. म्हणून साठा तीन महिन्यांच्या विक्रीपेक्षा जास्त नको, आणि पंप डीलरकडेच राहू द्यावेत, असं माझं मत आहे. सुटे भाग आणि सेवा आपल्या हातात असली की पुरे.

सल्लागारांबद्दल सांगायचं तर कंपनीची नोंदणी ई-सिटिझन या केनिया सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन होते. तेवढ्यासाठी कुणी भरमसाट पैसे मागितले तर देऊ नका, मी मागितले तरी. पैसे खर्च करायचे ते तिथल्या चांगल्या हिशेबनिसावर.

तुम्ही डीलरसोबतच राहणार असाल, तर पुढचा कंटेनर भरण्याआधी जुना करार काढून दोन गोष्टी पाहा: ट्रेडमार्क कुणाच्या नावावर असेल हे त्यात लिहिलंय का, आणि करार संपल्यावर त्याच्याकडे उरलेल्या मालाचं काय होईल. काही लिहिलेलं नसेल तर कळवा, कलमांचा मसुदा पाठवते.