प्रश्न फक्त भुकेचा नाही

‘पोटभर खायला घातलं की कुठलेही टॅरँट्युला एका पेटीत गुण्यागोविंदाने नांदतात’ हे टॅरँट्युला (मोठे केसाळ कोळी) पाळण्यावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. कात टाकल्यावर कोळी काही दिवस मऊ असतो, सुळेसुद्धा पांढरे आणि लुसलुशीत. अशा वेळी शेजारी नुसता चाचपायला आला तरी खेळ खलास, मग त्याचं पोट भरलेलं असो वा नसो.

येमेनच्या सोकोत्रा बेटावरच्या मोनोसेंट्रोपस बाल्फोरी या टॅरँट्युलाच्या जातीची गोष्ट वेगळी. माझ्याकडची अंड्यांच्या एकाच कोशातली भावंडं पिल्लं असल्यापासून एकत्र आहेत; एकच झुरळ तिघं-चौघं मिळून खातात (बघत बसावंसं वाटतं!). पण त्यांच्यातही बाहेरचा कोळी मागाहून आणून सोडायची माझी हिंमत नाही. आणि लेखात एकत्र ठेवायला सुचवलेली ती रोझ हेअर जातीच्या टॅरँट्युलांची जोडी? तिला सरळ दोन पेट्या द्या.