उसाचं बिल दरमहा येत नाही हो!

युद्धाच्या बातम्यांनी घाबरून एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता, थांबवू नका, हे तुमच्या गुंतवणुकीवरच्या लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स एका दिवसात २,७०० अंकांनी आपटला. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर तो ६३ हजारांच्या वर होता. विकून मोकळे झालेले बसले हात चोळत.

पण लेखातलं सगळं गणित पगारदारांचं आहे. आमच्या खानापूर-निपाणीकडं ऊस गेला, तंबाखू विकला की पैसा एकदम येतो, तोही कारखान्याच्या आणि व्यापाऱ्याच्या सवडीनं. मग मधल्या महिन्यात हप्ता कुठून भरायचा? अशांनी आलेली रक्कम लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, लगेच पैसे काढता येणारा फंड) टाकून तिथून दरमहा थोडी थोडी इक्विटीत, म्हणजे शेअर्सच्या फंडात, वळवावी. एसटीपी म्हणतात त्याला. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही. आणि त्याआधी आरोग्य विमा. नाहीतर दवाखान्याचं एक बिल सगळी गुंतवणूक मोडायला लावतं.

लेखात वर्षाला १५ टक्के परतावा धरलाय तो मात्र जास्तच वाटतो. १२ धरला तरी एकरकमी टाकलेले पैसे सहा वर्षांत जवळपास दुप्पट होतात, तेवढं बास की.

बाहेरचा चहा-नाश्ता बंद करून पैसे वाचवा म्हणता, ते बेळगावात जमायचं नाही. आमची दुधाची मिठाई कुंदा तर सोडणारच नाही!