मॅकवर राइट क्लिक होते, तो मेसेज पुढे पाठवू नका
आपल्या नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला, की मॅकला, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरला, एकाच बटणाचा माउस चालते, दुसरा लावला तर राइट क्लिक होतच नाही. हे चूक आहे. १९८३ च्या लिसा कॉम्प्युटरपासून ॲपलचा माउस एका बटणाचा होता हे खरं, पण २००५ मध्ये त्यांनीच मायटी माउस काढला अन् त्यात राइट क्लिक होतं. मी स्वतः बर्डीवरून आणलेला साधा यूएसबी माउस मॅकला लावून पाहिला, काहीच इन्स्टॉल न करता दोन्ही बटणं अन् चाक लगेच चालले. ॲपलच्याच माउसवर होत नसेल तर सेटिंगमध्ये सेकंडरी क्लिक (म्हणजे राइट क्लिकच) चालू करा, नाहीतर कंट्रोल दाबून क्लिक करा. अशा मेसेजमुळं पोरांसाठी माउस घेणाऱ्यांचे पैसे उगाच जातात हो, म्हणून तो मेसेज फॉरवर्ड करू नका, केला असेल तर तिथंच हे टाका.