लक्ष्मणफळ आणि ‘१०,००० पट’चा दावा

‘लक्ष्मणफळ केमोथेरपीपेक्षा १०,००० पट प्रभावी आहे, ते फक्त कॅन्सरच्याच पेशी मारते, नैसर्गिक असल्याने त्यापासून अपाय नाही आणि औषध कंपन्यांनी हे दडपून ठेवले आहे,’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो वाचून कोणी रुग्ण उपचार लांबणीवर टाकील, या काळजीने हे लिहीत आहे.

१०,००० हा आकडा मनगढंत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये लक्ष्मणफळाच्या बियांतून काढलेल्या एका शुद्ध संयुगाची अ‍ॅड्रियामायसिन या केमोथेरपीच्या औषधाशी तुलना केली, तीही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर. फळाचा गर किंवा पानांचा काढा त्यात नव्हता, रुग्णही नव्हते. अशा चाचण्यांत सहसा ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवून त्यांवर अर्क कमी-अधिक प्रमाणात घालतात आणि मग एमटीटी हे पिवळे द्रव्य टाकतात. जिवंत पेशी ते जांभळे करतात, त्यामुळे रंग जितका फिका, तितक्या कमी पेशी तगल्या असे मानतात. निम्म्या पेशी मरायला किती मात्रा लागली, हे त्यातून कळते. तोंडावाटे घेतलेले संयुग रक्तात किती उतरते, यकृत त्याचे काय करते, गाठीपर्यंत किती पोचते, हे त्या प्लेटमध्ये कळण्याची सोयच नसते.

‘फक्त कॅन्सरच्याच पेशी’ हा तर सरळ विपर्यास आहे. मूळ निबंधातला ‘निवडक’ परिणाम निरनिराळ्या अवयवांच्या कॅन्सरपेशींची आपसांत तुलना करून सांगितला होता; निरोगी पेशी सुरक्षित राहतात, असा त्याचा अर्थ नाही.

अपायाचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. या फळझाडातले अ‍ॅनोनासिन हे संयुग पेशींतील ऊर्जानिर्मितीची साखळी पहिल्याच टप्प्यावर अडवते, आणि मेंदूच्या पेशींना ऊर्जा अखंड लागते. कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप बेटावर पार्किन्सनसारख्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या विकाराचे रुग्ण अनपेक्षित प्रमाणात आढळले आणि त्याचा या फळाच्या व पानांच्या काढ्याच्या सेवनाशी संबंध असावा, असे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले. कार्यकारणभाव पक्का झालेला नाही. तथापि शिरेवाटे अ‍ॅनोनासिन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत ऱ्हास दिसला. कधीमधी फळ खाणे वेगळे आणि रोज पानांचा काढा घेणे वेगळे.

दडपल्याचा आरोप टिकत नाही, कारण ते संशोधन उघडपणे प्रसिद्ध झाले होते. शिवाय वनस्पतींतले उपयोगी संयुग औषध म्हणून वापरातही येते. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही वापरतात. नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. हेच संयुग सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे. पेशींवर ते प्रभावी ठरले, पण रुग्णांवरील चाचण्यांत मूत्राशयातून रक्तस्रावासारखे त्रास झाल्याने १९७०च्या दशकात त्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत बदल करून इरिनोटेकन तयार झाले आणि १९९६ मध्ये, म्हणजे लक्ष्मणफळाचा तो निबंध निघाला त्याच वर्षी, त्याला अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली.